लायब्ररीचं व्हर्जन बांधून ठेवायचं की मोकळं सोडायचं?

पर्वरीचा पाहुणा
मत आधीच सांगून टाकतो, शिव्या नंतर घाला. ओपन सोर्स लायब्ररीत प्रत्येक डिपेंडन्सीला, म्हणजे ती ज्या दुसऱ्या पॅकेजवर चालते त्याला, व्हर्जनची वरची मर्यादा हवीच हवी. भरती-ओहोटीचे तक्ते वाचून ग्राफ काढणारं एक छोटंसं पायथन पॅकेज मी फुकट सांभाळतो, त्यात डिपेंडन्सी म्हणून नुसतं 'नमपाय' (आकडेमोडीची लायब्ररी) लिहिलेलं, व्हर्जन-बिर्जन काही नाही. १६ जून २०२४ ला नमपाय २.० आलं, रविवार, बाहेर पाऊस धो धो, आणि सोमवारी उठून बघतो तर इश्यूंची, म्हणजे तक्रारींची, रांग. का, तर माझ्या कोडात नॅन ('आकडा नाही' याची खूण) लिहिताना दोन्ही एन कॅपिटल होते आणि तो प्रकार २.० मध्ये काढूनच टाकलाय, तिन्ही अक्षरं स्मॉलच लागतात. सांजावच्या सणाला लोक विहिरीत उड्या मारत होते आणि मी एररचे ट्रेसबॅक वाचत होतो. 'दोनच्या खाली' एवढं एक लिहिलं असतं तर सुटलो असतो, म्हणून आता लिहिलंय.

म्हापशेकर
नाय पटलं रे. पायथनच्या एका एन्व्हायरन्मेंटमध्ये एका पॅकेजचं एकच व्हर्जन बसतं. तू म्हणणार दोनच्या खाली, दुसरं पॅकेज म्हणणार दोनच्या वर, पिप (पॅकेज बसवणारं टूल) हात वर करणार, मग दोन्ही वापरणाऱ्याने जायचं कुठे? जावास्क्रिप्टचं एनपीएम निदान दोन कॉप्या वेगवेगळ्या ठेवतं. नेमकं व्हर्जन बांधायचं ते अ‍ॅपमध्ये, लॉक फाइल, म्हणजे नेमक्या व्हर्जनांची यादी, तिथली. लायब्ररी दुसऱ्याच्या घरात जाते बाबा. पदेराने पाव देताना 'हा फक्त पातळ भाजीबरोबरच खायचा' अशी अट घातली तर चालेल?
आणि मर्यादा आता घालूनही उपयोग नाही. तुझे जुने रिलीज बिनमर्यादेचेच पडलेत ना पायपीआयवर, पायथन पॅकेजच्या भांडारात? कुणाला नमपाय दोनच पाहिजे असेल तर पिप मागे जाऊन तुझं मर्यादेच्या आधीचं, बिनमर्यादेचं व्हर्जन उचलणार, म्हणजे तेच मोडकं. छापलेला मेटाडेटा बदलता येत नाही, फार तर तो रिलीज यँक करता येतो, म्हणजे पिपने आपणहून उचलू नये असा शेरा मारता येतो.

फोंड्याची
अ‍ॅपमध्ये लॉक करा म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०२१ आठवावा. लॉगफोरजे, जावाची लॉग लिहिणारी लायब्ररी, तिच्यात मोठं भगदाड सापडलं होतं. मी तेव्हा एका क्लायंटचं जावाचं काम बघायचे, सगळं कसं छान बांधलेलं, दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता, आणि लॉगफोरजे आम्ही स्वतः घेतलेलंच नव्हतं, ते तिसऱ्याच कुठल्यातरी लायब्ररीच्या पोटातून आलेलं. २.१५ घातलं, मग २.१६, मग २.१७, सगळं त्याच महिन्यात. नाताळच्या नेवऱ्या आईने एकटीने केल्या त्या वर्षी. लॉक करणं वाईट नाही हो, लॉक करून विसरणं वाईट.

मडगावचो
@फोंड्याची, ताई, उलटी गोष्टही ऐका. मार्च २०२४, एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारं टूल. मागचं दार ५.६.० आणि ५.६.१ मध्ये होतं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात ताज्या मालात. डेबियन लिनक्सच्या स्टेबल आवृत्तीवाले जुन्या व्हर्जनवर होते, ते वाचले. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन (दूरच्या मशीनवर शिरणं) अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून सापडलं, नाहीतर कळलंच नसतं. मी तर नवीन काही आलं की आठवडाभर थांबतो, दुसऱ्याला आधी ठेच लागू दे. फक्त सिक्युरिटी फिक्स असेल तर लगेच.

फोंड्याची
सगळेच आठवडाभर थांबले तर ठेच लागणार कुणाला?

मडगावचो
म्हापशेकराला 😄

पर्वरीचा पाहुणा
बरं, अर्धं मान्य. पिप मागे जातं हे डोक्यातच नव्हतं, आत्ता करून बघितलं, खरंच माझं मर्यादेच्या आधीचं रिलीज उचललं, तेच नॅनवालं. वरची मर्यादा काढतो, नमपायची प्रीरिलीज (आधीची चाचणी आवृत्ती) येईल तिच्यावर सीआयमध्ये आपोआप चालणारी टेस्ट लावतो, म्हणजे मोडायचं ते आधी माझ्याकडे मोडेल. पण फुकटचं काम करणाऱ्याने दर प्रीरिलीजमागे धावायचं, ही अपेक्षा मला अजूनही जास्तच वाटते, वापरणाऱ्या कंपन्यांपैकी एकानेही कधी दुरुस्तीचा पॅच पाठवला नाही.

म्हापशेकर
ते खरं आहे. पण नमपायची खालची मर्यादा काय ठेवलीस?

पर्वरीचा पाहुणा
१.२०.

म्हापशेकर
१.२० वर टेस्ट चालवलीस कधी?

पर्वरीचा पाहुणा
…लाईट गेलीय इथे. आली की चालवतो.