ग्लुकोसामाइनवर खर्च करावा, की तोच पैसा व्यायामाकडे वळवावा?

सह्यवासी
गुडघ्याची झीज क्ष-किरण तपासणीत दिसल्यापासून माझी आई दीड वर्ष ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन या सांध्यांसाठीच्या पूरकांच्या एकत्रित गोळ्या नेमाने घेत होती, तरी कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरणे काही सुटले नाही. अमेरिकेत 1583 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गेट’ चाचणीत वेदना 20 टक्के कमी झालेल्यांचे प्रमाण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 60.1 टक्के, तर दोन्ही पूरके घेणाऱ्यांत 66.6 टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. माझ्या मते हा पैसा फिजिओथेरपीवर खर्च करणे अधिक योग्य आहे.

नीलमोहर
ताई, त्याच चाचणीत मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या रुग्णांचे आकडे दोन्ही पूरके घेणाऱ्यांत 79.2, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 54.3 टक्के असे होते, ते आपण गाळले आहेत. 606 रुग्णांच्या ‘मूव्ह्ज’ चाचणीतही सहा महिन्यांनी हे मिश्रण सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाच्या तोडीचे ठरले. माझ्या वडिलांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे वेदनाशामके वर्ज्य आहेत. अशा माणसाने तीन महिने गोळी घेऊन पाहिली, तर त्यात गैर काय?

सह्यवासी
वडिलांची अडचण मला पूर्ण मान्य आहे. परंतु तो उपगट लहान होता, आणि ‘मूव्ह्ज’मध्ये औषध नसलेल्या गोळीचा गटच नव्हता. जिथे अशा गोळीनेही दहांपैकी सहा जणांना बरे वाटते, तिथे या तुलनेवरून गुण कशाचा हे कसे ठरवणार? आई आता खुर्चीवर बसून पाय समोर सरळ ताठ करते, दहा अंक मोजते आणि सावकाश खाली आणते. मांडीचे स्नायू बळकट होऊ लागल्यापासून कठड्यावरचा तिचा भार कमी झाला आहे.

रानजाई
औषधांच्या दुकानात रोज बसते, म्हणून सांगते. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनते, हे शाकाहारी घरांत अनेकांना ठाऊक नसते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मुळीच सुरू करू नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

नीलमोहर
ही माहिती मोलाची आहे, वडिलांच्या डॉक्टरांशी बोलेन. व्यायामाला माझा विरोध कधीच नव्हता. मात्र ठणक इतकी असते की ते पाय उचलायलाच तयार होत नाहीत. तेवढी कमी व्हावी, एवढ्यासाठीच मी गोळीचा आग्रह धरतो आहे.