मरांट्झ ७ च्या फोनो विभागात तिसरा ट्रायोड कशासाठी?

प्रश्न : मरांट्झ ७ या प्रीॲम्प्लिफायरचा (मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा) सर्किट डायग्राम समोर ठेवून बसलो आहे. फोनो विभागातले, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल घेणाऱ्या भागातले, पहिले दोन ईसीसी८३ ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेल्या निर्वात नळ्या) सिग्नल वाढवतात हे समजले, पण तिसरा कॅथोड फॉलोअर (आउटपुट प्लेटऐवजी कॅथोडवरून घेणारी जोडणी) असून त्याचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, एकापेक्षाही किंचित कमी भरतो. मग तो खर्च कशाला?

उत्तर १ : आरआयएए इक्वलायझेशनचे (रेकॉर्डवर घटवलेला बास आणि वाढवलेला ट्रेबल पूर्ववत करणारे) जाळे फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटचा काही भाग मागे परतवणाऱ्या, वाटेत, म्हणजे आउटपुटपासून पहिल्या ट्रायोडच्या कॅथोडपर्यंत जोडलेले आहे, हे आधी पाहा. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या कालस्थिरांकांसाठी लागणाऱ्या कपॅसिटरांमुळे उच्च वारंवारतेला या जाळ्याचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) बराच खाली येतो, आणि ईसीसी८३ च्या प्लेटला असा भार पेलवत नाही. गेन घटतो, विकृती वाढते. कॅथोड फॉलोअर तो भार स्वतःच्या अंगावर घेतो.

उत्तर २ : सहमत. खालच्या टोकाचा, म्हणजे बासचा, हिशेबही करून पाहा. १ किलोहर्ट्झला ४० डेसिबल गेन धरला, तर आरआयएएनुसार २० हर्ट्झला सुमारे ५९ डेसिबल लागतो, म्हणजे जवळजवळ नऊशे पट. दोन ट्रायोड मिळून साडेतीन हजार पटीच्या आसपास देत असतील, तर बासमध्ये फीडबॅकसाठी जेमतेम १२ डेसिबल उरतात. त्यामुळे नळ्या थकून त्यांचा गेन घटला की सर्वांत आधी बास ढासळतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मी उगाच तिसऱ्या ट्रायोडमध्ये गेन शोधत बसलो होतो.

उत्तर १ : वीज देण्यापूर्वी जुने कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात फक्त सिग्नल जाऊ देणारे) मात्र तपासून घ्या.