व्हिएन्नातल्या दोन शवपेट्या

'लोकांना नक्षीचा कंटाळा आला म्हणून व्हिएन्नात बरोक शैली (सतराव्या-अठराव्या शतकातली भव्य, नक्षीदार कलाशैली) मागे पडली', हे मत मला अपुरं वाटतं. तिथल्या कापुचिन (एक कॅथलिक साधुपंथ) चर्चच्या तळघरात ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा आणि तिच्या नवऱ्याची, शिल्पकार बाल्थाझार मोलने १७५४ मध्ये घडवलेली अवाढव्य शवपेटी आहे. झाकणावर दोघं अर्धवट उठून एकमेकांकडे पाहताहेत, सोबत तुतारी घेतलेला देवदूत. तिच्यापुढेच त्यांचा मुलगा दुसरा योसेफ (मृत्यू १७९०) तांब्याच्या अगदी साध्या पेटीत. ही नुसती बदललेली आवड नव्हे, राजाचं धोरण होतं! त्याने शेकडो मठ बंद केले, १७८३ मध्ये चर्चमधल्या वाद्यवृंदावरही बंधनं घातली. बरोकला पोसणारा आश्रयच आटला, आणि त्याची झळ शिल्पकारांइतकीच संगीतकारांनाही बसली.