सोसायटीतलं 'कॅन्सर पॅकेज' : पैसे भरावेत का?

भांडुपकर_६७
पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमधे एका लॅबचा कॅम्प आहे. साडेतीन हजारात 'कॅन्सर पॅकेज', म्हणजे रक्त काढणार आणि सीए १२५, सीईए, पीएसए असले मार्कर, म्हणजे कॅन्सरमधे रक्तात वाढू शकणारे पदार्थ, बघणार. मी नको म्हणालो तर सेक्रेटरीकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "बायकोपोरांची काळजी नाही वाटतं!" अहो, पीएसए सोडला तर हे मार्कर मुख्यतः कॅन्सर झालेल्या माणसाला औषध लागू पडतंय का ते बघायला वापरतात, धडधाकट माणसात कॅन्सर हुडकायला नाही. सीए १२५ पाळीतपण वाढतो, सीईए सिगरेट ओढणाऱ्यांचा तसाही जास्त असतो. आकडा वर आला की सोनोग्राफी, मग सीटी, मग महिनाभर झोप उडालेली, आणि नॉर्मल आला तर माणूस निर्धास्त होऊन हिंडणार, ते तर त्याहून वाईट. साउथ कोरियात हेल्थ चेकअपसोबत स्वस्तात गळ्याची सोनोग्राफी करत सुटले, २०११ मधे थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं आणि मृत्यू जेवढे होते तेवढेच, म्हणजे त्रास न देणाऱ्या गाठीच जास्त सापडल्या. हजारोंच्या ग्रंथी काढल्या, बहुतेकांना गोळी जन्मभराची.

सीमा_मुलुंड
वाचून डोकं फिरलं. माझ्या बहिणीला छातीत गाठ लागली, दुखत नाही ना मग असू दे म्हणून आठ महिने तिने अंगावर काढलं, घरात पोरांच्या परीक्षा, सासऱ्यांचं मोतीबिंदू, नंतर गेलो तेव्हा काखेत पण पसरलेलं. परळला टाटासमोरच्या फुटपाथवर एकदा उभे राहा आणि मग कोरियाचे आकडे सांगा. तुमच्यासारख्यांमुळे लोकांना न जायला कारण मिळतं.

भांडुपकर_६७
ताई, वाईट वाटलं. पण तिची गाठ हाताला लागली होती ना? रक्त तपासून कळली नसती, सुरुवातीच्या स्टेजला हे मार्कर बऱ्याचदा नॉर्मलच येतात. तिला आठ महिने कोणी डॉक्टरकडे ओढून नेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

सीमा_मुलुंड
ओढून नेलं नाही हे मलाच सांगताय? असो.

विठू_लालबाग
नशिबात असेल ते होणार. आमच्या मजल्यावरच्या एकांना सुई टोचून तुकडा काढला आणि तीन महिन्यांत गेले. मधमाशांच्या पोळ्यात बोट घालायचंच कशाला.

निवृत्त_सिस्टर
विठूभाऊ, सुईने पसरत नाही. ते सुईपर्यंत पोचले तेव्हाच उशीर झालेला, दोष बिचाऱ्या सुईला.
आता पॅकेजचं. भांडुपकर बरोबर बोलताहेत पण अर्धंच. टाटाने १९९८ पासून इथेच, मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधे, दीड लाखाच्या आसपास बायकांवर अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे ट्रेनिंग दिलं. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, गडबड असेल तो भाग पांढरा दिसतो. दर दोन वर्षांनी एवढंच, तर त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच बायकांची छाती हाताने तपासली, तिथे पन्नाशीच्या पुढच्यांमधे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी, पन्नाशीच्या आत मात्र फरक दिसला नाही. मशीन नाही की पॅकेज नाही. आणि एनएफएचएस-५, म्हणजे सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात तिशी ते पन्नाशीतल्या शंभरात दोन बायकांनीसुद्धा गर्भाशयमुखाची तपासणी केलेली नाही. मला राग याचा येतो, साडेतीन हजाराचा नाही.

सीमा_मुलुंड
सिस्टर, मान्य. पण आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना 'खालची तपासणी' म्हटलं की एक पण येणार नाही. रक्त द्यायला येतील, शेजारीण येते म्हणून येतील. पॅकेजच्या निमित्ताने का होईना खाली उतरतील तरी.

भांडुपकर_६७
आणि नॉर्मल रिपोर्ट घेऊन वर जातील, पुढे दहा वर्षं काही बघणार नाहीत. त्याच हॉलमधे पडदा लावून एक सिस्टर आणि तोंड बघायला एक डेंटिस्ट बसवला तर? पैसे द्यायला मी तयार आहे.

निवृत्त_सिस्टर
पडद्याने भागणार नाही, नीट टेबल लागतं, उजेड लागतो, आणि पांढरं दिसलं तर पुढे कुठे पाठवायचं ते आधी ठरलेलं लागतं. तोंडाचं मात्र हॉलमधे बॅटरीवर होतं. तंबाखू, मशेरी, मावा खाणाऱ्यांनी तर करावंच, केरळमधल्या अभ्यासात अशा लोकांचे तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू नुसतं तोंड बघून ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम. विठूभाऊ, तुम्ही काय खाता?

विठू_लालबाग
दिवसाला दोन पुड्या. गुटखा नाही हां, तो २०१२ लाच बंद झालाय 😄

निवृत्त_सिस्टर
बंद झालाय तो कुठल्या टपरीवर मिळतो ते मला पण माहितीय. तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू, समोरच्या दातांमधे.

विठू_लालबाग
अडीच जातात. माझी बोटं जाड आहेत.

सीमा_मुलुंड
विठूदादा!!

निवृत्त_सिस्टर
तीन जायला हवीत, म्हणजे तोंड कमी उघडतंय. तिखट लागलं की आग होते का? गाल आतून कडक लागतो का? लालबागहून मुंबई सेंट्रल काही लांब नाही, नायर डेंटलला सकाळच्या ओपीडीला जा, केसपेपर काढा. रविवारची वाट बघू नका, तिथे तुमचं तोंड कोणी बघणार नाहीये.

विठू_लालबाग
मंगळवारी सुट्टी आहे. बघतो.

सीमा_मुलुंड
बघतो नाही. जाऊन आलात की इथे लिहा.