४० टक्के ब्लॉकेज असताना हार्ट अटॅक येतो कसा?

पायवाट:
अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर 'एलएडीत ३० ते ४० टक्के, स्टेंटची गरज नाही' असं लिहिलेलं असतं (एलएडी म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य धमनी), ट्रेडमिल टेस्टही व्यवस्थित येते, आणि अशाच काही जणांना पुढे अटॅक येतो. गाळ साचत जाऊन नळ बुजावा तशी धमनी बुजते, हेच चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. त्या हिशेबाने ४० चे १०० टक्के व्हायला कित्येक वर्षं लागायला हवीत. मग मध्ये नेमकं काय घडतं?

उंबरठा:
नळाची उपमा इथे दिशाभूल करते. नळात गाळ पोकळीत साचतो, धमनीत तो भिंतीच्या आत, अस्तराखाली साचतो.

हे अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, पेशींचा एकेरी थर असतो. एलडीएलचे, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे, कण जेमतेम २० ते २५ नॅनोमीटरचे. ते अस्तर ओलांडून खालच्या जाळीदार भागात अडकतात आणि तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं. मग अस्तराच्या पेशी चिकट रेणू बाहेर काढतात, रक्तातले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) त्यांना धरून आत शिरतात, मॅक्रोफेज बनतात आणि ते कण गिळत राहतात. चरबीच्या थेंबांनी भरलेल्या या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसतात. त्या मेल्या की मधोमध मऊ गर उरतो. 'अथेरोमा' हे नावच ग्रीकमधल्या लापशीवरून आलंय.

या गरावर स्नायुपेशी कोलॅजनचं झाकण विणतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या झाकणात आहे. आतली सूज कोलॅजन विरघळवत राहिली की झाकण पातळ होतं. ६५ मायक्रोमीटरच्या आतलं झाकण धोक्याचं मानतात. ते फाटलं की गर थेट रक्ताला लागतो, प्लेटलेट गोळा होतात आणि गुठळी धरते. ४० चे १०० टक्के होतात ते या गुठळीमुळे, काही मिनिटांत किंवा तासांत. चरबी तेवढीच असते.

आणखी एक. भिंत आधी बाहेरच्या बाजूला फुगते. संशोधक ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं की भिंतीतला थर साधारण ४० टक्के क्षेत्रफळ व्यापेपर्यंत आतली पोकळी फारशी कमी होत नाही. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त पोकळी.

शेवंती:
उंबरठा यांच्या प्रतिसादाला एक जोड. प्रत्येक वेळी झाकण फाटतंच असं नाही. काही अटॅकमध्ये झाकण शाबूत राहतं, वरचं अस्तर तेवढं खरवडलं जातं आणि त्यावर गुठळी धरते.

आता जागेबद्दल. रक्त सगळीकडे तेच, तरी थर साचतात ते फाट्यांवर आणि वळणांवर. सरळ, वेगवान प्रवाहात अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करत राहतं आणि स्वतःला जपतं. फाट्याच्या बाहेरच्या कडेला प्रवाह मंद होतो, मागेपुढे हिंदकळतो आणि तिथलं अस्तर झिरपू लागतं. ही सुरुवात फार लवकर होते. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२, आणि ७७.३ टक्के जणांच्या धमन्यांत हा आजार नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

पायवाट:
म्हणजे पोकळी तेवढीच राहिली तरी कोलेस्टेरॉलच्या गोळीचा उपयोग होतो?

उंबरठा:
होतो, आणि मोठा होतो. स्टॅटिनने, म्हणजे त्याच गोळीने, गर आटतो, सूज उतरते, झाकण जाड होतं. थर थोडा कॅल्शियमयुक्त, टणकही होतो. म्हणून स्टॅटिन चालू असताना कॅल्शियम स्कोअर (सीटी स्कॅनवर दिसणारं धमन्यांतलं कॅल्शियम) वाढला तर गोळी लागू पडत नाही असा अर्थ कृपया काढू नका. औषधाचा परिणाम एलडीएलवरून बघायचा. सिद्ध झालेल्या आजारात युरोपियन मार्गदर्शक सूचना (२०१९) एलडीएल दर डेसिलिटरला ५५ मिग्रॅच्या खाली, शिवाय मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, असं सांगतात. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी जेमतेम ६ टक्के उतरतं. १० मिग्रॅ एझेटिमाइब हे दुसरं औषध जोडलं तर २० टक्क्यांच्या आसपास. हा बदल अर्थात तुमच्या डॉक्टरांनीच करायचा.

नाडी७२:
हा आजार एका धमनीपुरता नसतो, तेव्हा पायही तपासून घ्या. चालताना पोटरी आवळते आणि थांबलं की काही मिनिटांत मोकळी होते, अशांची तर नक्कीच. १० मिनिटं आडवं झोपवून दोन्ही दंड आणि दोन्ही घोट्यांचं वरचं बीपी हातातल्या डॉपलरने (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने) मोजतात. घोट्याच्या दोन धमन्यांपैकी जास्त आकडा घ्यायचा आणि दोन दंडांपैकी जास्त आकड्याने भागायचा. दंड १४०, घोटा ९८, तर ०.७०. ०.९० किंवा त्याखाली आलं की पायाची धमनी अरुंद आहे. स्टेथोस्कोपने मोजू नका, घोट्यावर नीट ऐकूच येत नाही. मधुमेह किंवा किडनीचा जुना आजार असेल तर धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसतं, कफने ती दाबली जात नाही आणि भागाकार १.४० च्या वर जातो. तो आकडा धडधाकट पायाचा नव्हे. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायचं, कारण तिथल्या बारीक धमन्या बहुधा टणक झालेल्या नसतात.