पहिली हाफ मॅरेथॉन: बडोद्यातच धावावी की बाहेर जावे? (सल्ला हवा)

दांडियाबाजार_पहाट

नमस्कार. माझे वय 46, नोकरी दिवसभर खुर्चीवर बसण्याची आणि घर दांडिया बाजारात. दोन वर्षांपूर्वी रक्तातली साखर सीमारेषेवर आल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हापासून रोज पहाटे कमाटीबागेत चालायला जाऊ लागलो. चालण्याचे धावणे कधी झाले ते माझे मलाही नीट सांगता येणार नाही. आतापर्यंत 10 किलोमीटरच्या दोन शर्यती पूर्ण केल्या असून दुसऱ्या शर्यतीत 1 तास 12 मिनिटे लागली. आता 21 किलोमीटरचा विचार मनात आहे.

प्रश्न असा की पहिली हाफ कोठे धावावी? थंडीतली आपली वडोदरा मॅरेथॉन समोर आहेच, पण कार्यालयातले दोन सहकारी मुंबईला चला म्हणून मागे लागले आहेत आणि साताऱ्याचा मामेभाऊ पुढच्या वर्षी तिकडच्या हिल मॅरेथॉनला येण्याचा आग्रह करतो आहे. त्यातच नवरात्र तोंडावर आले आहे. घरात दोन्ही मुली गरब्याच्या वेड्या आहेत आणि खरे सांगायचे तर मीही मागे राहत नाही, त्यामुळे सराव कसा बसवावा हेही कळत नाही.

एक भीती मात्र थोडी लाजतच लिहितो. मागच्या 10 किलोमीटरला एक गृहस्थ शेवटून धावत होते. त्यांच्या मागे रुग्णवाहिका गोगलगाईच्या गतीने येत होती आणि कामगार रस्त्यावरचे शंकू उचलून टेम्पोत टाकत होते. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

मांजलपूर_संथगती

पहिली हाफ घरच्या शर्यतीतच धावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः अकरा हाफ धावलो असून त्यांतील चार बडोद्यातल्या आहेत. रात्री आपल्या अंथरुणावर झोपणे, सकाळी आपलेच स्वच्छतागृह वापरणे आणि शर्यत जेथून सुटते त्या नवलखी मैदानावर वीस मिनिटांत पोहोचणे या गोष्टींची किंमत पाहुण्यांच्या घरी दिवाणावर रात्र काढून पहाटे तीनला रिक्षा शोधल्याशिवाय कळत नाही.

साताऱ्याचा मोह सध्या बाजूला ठेवा. तेथे यवतेश्वराचा घाट चढून जायचा आणि त्याच घाटाने खाली यायचे असते. दम चढावर लागतो हे खरे, पण मांड्या मोडतात त्या उतारावर, कारण प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो आणि ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. आपले शहर तळहातासारखे सपाट आहे. येथे चढ म्हणजे अकोट्याचा पूल, नाहीतर एखादा उड्डाणपूल. पावागडाच्या पायऱ्यांवर दोन-चार रविवार घालवल्याखेरीज बडोदेकराने घाटाच्या शर्यतीत उतरू नये.

सपाट रस्त्यालाही त्याचा स्वतःचा त्रास असतोच. चढउतार नसल्यामुळे पहिल्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत तेच स्नायू त्याच कोनात काम करतात, त्यांना मधे उसंत मिळत नाही. शिवाय पाय आपोआप पळू लागतात. नवलखीवर अजून अंधार असतो, ढोल वाजत असतात, निवेदक उलटे आकडे मोजत असतो आणि शेजारून माणसे बांध फुटल्यासारखी निघतात. माझ्या पहिल्या हाफमध्ये मी पहिला किलोमीटर 5 मिनिटे 50 सेकंदांत पार केला, जेव्हा माझी खरी गती साडेसातची होती. त्या दीड मिनिटाची वसुली सोळाव्या किलोमीटरनंतर झाली, आणि तीही व्याजासकट.

तुमच्या आकड्यांवरून हिशेब मांडून देतो. अंतर दुप्पट झाले की वेळ नेमकी दुप्पट न होता साधारण 2.08 पट होते, असे रीगल यांचे सूत्र सांगते. त्यानुसार 10 किलोमीटरला 72 मिनिटे लागणाऱ्याला हाफसाठी सुमारे 2 तास 39 मिनिटे लागावीत. हा अंदाज पुरेसा सराव झालेल्या माणसासाठी आहे, म्हणून पहिल्या वेळी 2 तास 45 मिनिटे धरा. पहिले चार किलोमीटर मिनिटाच्या काट्याकडे पाहत 8 मिनिटांनी प्रत्येकी काढा, त्यात 32 मिनिटे जातील. उरलेले अंतर 7 मिनिटे 47 सेकंदांच्या गतीने काढले की गणित जुळते. आरंभीच्या गर्दीत गेलेल्या वेळेची चिंता नको, कारण बिबमधली (छातीवर टाचायच्या क्रमांकाच्या कागदातली) चिप तुम्ही आरंभरेषेवरच्या पट्टीवर पाऊल ठेवाल तेव्हापासून तुमची वेळ मोजते.

गरब्याविषयी बोलायचे तर तोही धावण्याइतकाच भार आहे असे समजून वहीत लिहून ठेवा. मैदानावर अनवाणी तीन-चार तास फेर धरल्यावर पोटऱ्या आणि तळवे किती बोलतात हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या नऊ दिवसांत लांब धाव ठेवूच नका. सकाळी जमल्यास अर्धा तास हलके धावा, न जमल्यास झोपा. रात्री बाराला गरबा संपवून पहाटे पाचला 14 किलोमीटर धावायला गेलेला आमचा एक मित्र पुढचे दीड महिने टाचेखाली बर्फाची बाटली फिरवत बसला होता.

शेवटी येण्याची भीती अनाठायी आहे. बहुतेक ठिकाणी हाफसाठी तीन ते साडेतीन तासांची मुदत असते आणि तुमचा अंदाज त्याच्या बराच आत आहे. तरीही प्रवेशिका भरताना मुदतीचा आकडा आणि त्या वर्षीचा मार्ग वाचून घ्या.

रेसकोर्स_ते_पेडररोड

मांजलपूरकरांचा मान राखून थोडा विरोध नोंदवतो. मुंबईची शर्यत 2004 पासून होते आहे आणि तिच्यात धावणे हा निराळाच अनुभव आहे. पहाटेच्या अंधारात लोक इमारतींतून खाली येऊन केळी, संत्र्याच्या फोडी आणि चिक्की हातावर ठेवतात, अनोळखी आजीबाई टाळ्या वाजवतात. बडोद्यात अठराव्या किलोमीटरला माझ्याकडे पाहणारे फक्त एक वाहतूक पोलीस आणि दोन कुत्री होती. ज्याला मन लवकर खचण्याची सवय आहे त्याला गर्दी पुढे ढकलते. पेडर रोडचा चढ मात्र उत्तरार्धात येतो आणि जानेवारीतही मुंबईची हवा दमट असते, हे ध्यानात ठेवून आपल्या बडोद्याच्या वेळेत निदान सात-आठ मिनिटे जास्तीची धरावीत.

मांजलपूर_संथगती

तुमचे म्हणणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाफसाठी मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या वेळी माणसाला आपले पोट, आपले पाय आणि आपली घाई यांचीच ओळख करून घ्यायची असते, त्यात परगावची धांदल आणखी कशाला?

सुरसागर_मीठपाणी

गती आणि मार्ग यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी पाण्याविषयी सविस्तर लिहितो, कारण मी पाण्यानेच दोनदा मार खाल्ला आहे.

पहिला प्रसंग दुसऱ्या एका शहरातला. शर्यत फेब्रुवारीच्या अखेरीस होती, आरंभ अर्धा तास उशिरा झाला आणि चौदाव्या किलोमीटरच्या टेबलावर पोहोचलो तेव्हा तेथे फक्त चेपलेले रिकामे पेले पडले होते. स्वयंसेवक मुलगा केविलवाण्या चेहऱ्याने म्हणाला, "काका, पुढे असेल." पुढेही नव्हते. शेवटी एका पानवाल्याने त्याच्या माठातले दोन तांबे दिले. पैसे जवळ नव्हते आणि त्याने मागितलेही नाहीत. तेव्हापासून कमरेच्या पट्ट्याला अर्ध्या लिटरची बाटली आणि खिशात पन्नासाची नोट असल्याशिवाय मी कोणत्याही शर्यतीला उभा राहत नाही, मग आयोजक कितीही नामांकित असोत.

दुसरा प्रसंग याच्या नेमका उलट आहे. धसका घेतल्यामुळे पुढच्या शर्यतीत मी दिसेल त्या टेबलावर दोन-दोन पेले पाणी पीत गेलो. शेवटी डोके जड झाले, मळमळू लागले आणि बोटे इतकी सुजली की अंगठी निघेना. वैद्यकीय तंबूतल्या डॉक्टरांनी समजावले की घामातून मीठ जात असताना नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम पातळ होते आणि ते तहानेपेक्षाही घातक ठरू शकते. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांतील 13 टक्क्यांचे सोडियम कमी आढळले, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते त्यांना धोका अधिक होता. पाणी पिऊन वजन वाढवून घरी आलेली ही माणसे!

आपल्याला किती पाणी लागते हे शोधण्याचा मार्ग स्वस्त आहे. एक तास धावण्यापूर्वी आणि धावून आल्यावर अंग पुसून कमीत कमी कपड्यांत वजन करा. मधे काही प्यायले नसेल तर जितके किलो घटले तितके लिटर घाम गेला. माझे जानेवारीत सहाशे ग्रॅम घटते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात एक किलोच्या वर जाते. गेले तितके सगळे भरून काढायचे नसते, तहान लागेल तसे घोट-दोन घोट पुरतात. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत "कडक" करून घेण्याची चूक करू नका, पोट तेथेच संप पुकारते.

आणि वेदनाशामक गोळी घेऊन कृपया धावू नका. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात आयब्युप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडांवर ताण आणतात. सीमारेषेवरची साखर आहे म्हणून डॉक्टरांना विचारून हृदयाची तपासणीही करून घ्या.

फतेगंज_ताई

वरच्या तिन्ही सज्जनांनी सोडलेल्या काही गोष्टी लिहिते. बुटांवर फार बोलण्यासारखे नाही, सरावात मुरलेले घाला आणि शर्यतीसाठी नवे घेऊ नका, इतकेच. सुती बनियन मात्र टाळा. घामाने भिजलेले सूत आणि बिबच्या टाचण्या मिळून बारा किलोमीटरनंतर छातीची जी दशा करतात ती आंघोळीच्या पहिल्या तांब्याला समजते. काखेत, मांड्यांना आणि कपड्यांच्या शिवणी येतात तेथे व्हॅसलीन लावून निघावे.

पोळांतून, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्यांतून, पहाटे पाचला एकटे निघताना कुत्र्यांचा त्रास होतो. पळत सुटल्यास ती मागे लागतात, म्हणून थांबून चालावे आणि त्यांची हद्द ओलांडल्यावर पुन्हा धावावे. बहिणींसाठी विशेष सांगणे असे की अंधारात निदान दोघींनी मिळून जावे आणि विश्वामित्रीच्या काठच्या सुनसान वाटा टाळाव्यात. मी हे नदीतल्या मगरींमुळे सांगत नाही.

पायांच्या ताकदीसाठी महागड्या व्यायामशाळेची गरज नाही. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा असलेल्या या गावात बैठका कशा काढायच्या हे कोणाला शिकवावे लागू नये. आठवड्यातून दोनदा, वीस-वीसच्या तीन फेऱ्या केल्या तर गुडघे दुवा देतील.

दांडियाबाजार_पहाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निर्णय झाला आहे: यंदा नवलखी, मुंबई पुढच्या वर्षी, आणि साताऱ्याच्या मामेभावाला पावागडाचे कारण सांगून टाकले. काल वजनाचा प्रयोगही केला, एका तासात नऊशे ग्रॅम घटले. बायको म्हणाली की याच गतीने गेलात तर दिवाळीपर्यंत दिसेनासे व्हाल.

दोन शंका उरल्या आहेत. मागच्या शर्यतीत माझ्या घड्याळात 10 ऐवजी 10.2 किलोमीटर आले होते, मार्ग चुकीचा मोजला असेल का? आणि सरावाच्या वेळापत्रकात सर्वांत लांब, 18 किलोमीटरची धाव नेमकी उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या पतंगांच्या) आठवड्यात येते आहे. त्याचे काय करावे?

मांजलपूर_संथगती

मार्ग बहुधा बरोबरच असेल. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकावर बसवलेल्या मोजणीयंत्राने, वळणांवर सर्वांत आखूड रेषा धरून मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारी एक भाग जादा ठेवतात, म्हणजे हाफला सुमारे 21 मीटर. आपण मात्र पाण्यासाठी डावीकडे, सावलीसाठी उजवीकडे असे नागमोडी धावतो, आणि उंच इमारतींमध्ये घड्याळही चुकते. हाफला घड्याळात 21.3 आले तर नवल मानू नका. गती ठरवताना रस्त्यावरच्या फलकांवर विश्वास ठेवा.

उत्तरायणाचे म्हणाल तर 18 ची धाव आधीच्या रविवारी ओढून घ्या. 14 आणि 15 जानेवारीला, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे वासी उत्तरायण धरून, रस्त्यावर धावूच नका. त्यानंतरही आठवडाभर झाडांवरून आणि विजेच्या तारांवरून मांजा लोंबत असतो. जानेवारीत आपल्याकडे सव्वासातनंतर उजाडते आणि अंधारात गळ्याच्या उंचीवरचा दोरा दिसत नाही. मी त्या आठवड्यात उजाडल्यावरच निघतो, गळ्याभोवती जाड रुमाल बांधतो आणि पायांत गुंतलेला मांजा सोडवण्यासाठी खिशात नखे कापण्याची कात्री ठेवतो. मागच्या वर्षी ती दोनदा लागली.