आठवीसाठी भिंतीवरची कालरेषा: माप किती धरावं?

कित्तूरची लढाई (राणी चन्नम्मा विरुद्ध इंग्रज) ते काँग्रेसचं बेळगाव अधिवेशन, 1824 ते 1924, एका सुतळीवर दाखवायचंय. वर्षाला एक सेंटिमीटर पुरेल?

↳ नाही पुरणार, सर. 1824, 1829 ला राणी चन्नम्मांचा मृत्यू, 1831 ला नंदगडला त्यांचे सेनानी संगोळ्ळी रायण्णांना फाशी, सगळं सात सेंटिमीटरांत कोंबलं जाईल. वर्षाला पाच धरा, सुतळी पाच मीटर. पुढची रिकामी जागा भरायच्या फंदात पडू नका, '1857 कुठे?' हे मुलंच विचारतात. ते 165 सेंटिमीटरवर.

↳ दर मीटरला खिळा ठोका, नाहीतर झोळ पडून मापं बिघडतात. चिठ्ठ्यांना डिंक नको, चिमटे लावा. चुकलेली जागा मुलांनीच हलवायची.

↳ भिंत चारच मीटर आहे हो!

↳ मग वर्षाला चार. 1857 येईल 132 वर.